चेहरा कोरडा ठेवून केस धुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चेहऱ्यावर टाके आहेत, मूल पाणी बघूनच रडतंय किंवा घरातलं कुणी अंथरुणाला खिळलंय. कारण कुठलंही असो, केस कधी ना कधी धुवावेच लागतात. आठवडाभर न धुतलेलं डोकं खाजायला लागलं की आधीच आजारी असलेला माणूस आणखी कंटाळतो. चेहऱ्याला पाणी लागू न देता डोकं स्वच्छ धुता येतं. त्यासाठी महागड्या साधनांपेक्षा पाणी कुठून कुठे वाहतं हे समजून घेणं जास्त उपयोगी पडतं, म्हणून इथली बरीच उत्तरं फिरून फिरून त्याच मुद्द्यावर येतील.

कितीही जपलं तरी पाणी चेहऱ्यावर येतंच. असं का होतं?

पाणी उताराकडे जातं हे सगळ्यांना माहीत असतं. पण डोकं धुताना आपण उतार बघत नाही, फक्त डोळे घट्ट मिटून घेतो. सरळ उभं राहून डोक्यावर पाणी ओतलं तर टाळूपासून चारही बाजूंना उतार असतो आणि पाण्याचा चौथा हिस्सा तरी कपाळावरून खाली येणारच. हनुवटी वर केली की कपाळाचा उतार उलटा होतो, म्हणजे भुवया उंचावर येतात आणि केसांची कड त्यांच्याखाली जाते. आता तेच पाणी मागे मानेकडे वळतं.

दुसरं कारण म्हणजे पाणी त्वचेला चिकटून वाहतं. बारीक, संथ धार तर फारच चिकटते. भांड्यातून हळू ओतलेलं पाणी काठावरून सुटण्याऐवजी भांड्याच्याच अंगावरून ओघळतं, तसंच ते कपाळाच्या गोलाईवरून आणि कानशिलावरून वळून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतं. त्यात शाम्पू मिसळला की पाण्याचा पृष्ठताण निम्म्यावर येतो आणि ते आणखी सहज पसरतं. साध्या पाण्याचा थेंब भुवईवर अडून राहील, फेसाचं पाणी मात्र तिथे थांबत नाही. म्हणून डोकं भिजवताना जेवढी काळजी घ्याल त्याच्या दुप्पट फेस काढताना घ्या.

मग डोकं मागे टाकायचं की पुढे वाकायचं?

दोन्ही चालतं, अर्धवट काही चालत नाही.

मागे टाकायचं तर इतकं की नजर छताकडे जाईल. तेव्हा डोक्याचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे डोक्याची मागची बाजू, आणि पाणी तिथूनच गळतं. पुढे वाकायचं तर पुरतं वाकायचं, हनुवटी छातीला टेकेल आणि टाळू जमिनीकडे होईल इतकं. मग सगळ्यात खाली टाळू येते, पाणी केसांच्या टोकांवरून थेट खाली पडतं आणि चेहऱ्याकडे चढत नाही.

बेसिनवर बहुतेक जण यांच्या मधल्या अवस्थेत वाकतात: कंबर थोडी वाकलेली, मान अर्धी खाली. त्या अवस्थेत सगळ्यात खाली कपाळ आणि नाक येतं, आणि डोक्यावर ओतलेलं सगळं पाणी तिकडेच धावतं. वाकूनही चेहरा भिजतो अशी ज्यांची तक्रार असते त्यांची अडचण नव्वद टक्के वेळा हीच असते.

निवड करायची झाली तर मी मागे टाकण्याच्या बाजूने आहे. पुढे वाकताना डोक्यात रक्त उतरतं, चक्कर येते, आणि सरळ होताना ओले केस चेहऱ्यावर येण्याची भीती असतेच. शिवाय डोळ्याच्या बऱ्याच शस्त्रक्रियांनंतर सुरुवातीला पुढे वाकायला मनाई असते. मात्र मान मागे नेताना ज्यांना त्रास होतो त्यांनी खालचा मानेबद्दलचा प्रश्न आधी वाचावा.

एकट्याने धुवायचे असतील तर कसं करायचं?

हॅन्ड शॉवर असेल तर काम निम्मं सोपं होतं. स्टूलवर बसा, उभं राहू नका. डोकं मागे टाकून डोळे मिटले की तोल जातो, आणि ओल्या फरशीवर घसरणं चेहरा भिजण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आधी कोरडे केस नीट विंचरून घ्या. गुंता असेल तर पाणी त्यात अडतं आणि भलतीकडून गळतं. सगळे केस मागे घ्या. शॉवरचा जोर कमी ठेवा आणि त्याचं तोंड डोक्याला जवळजवळ टेकवा. लांबून मारलेलं पाणी डोक्यावर आपटून उडतं, टेकवलेल्या शॉवरचं पाणी केसांत शिरतं. दुसऱ्या हाताची कड, करंगळीची बाजू, केसांच्या कडेला कपाळावर घट्ट दाबून धरा, तळवा थोडा वर उचललेला असू द्या. हा हात छपराच्या वळचणीसारखा काम करतो, आलेलं पाणी भिंतीवरून ओघळू न देता बाहेर टाकतो.

भिजवायला सुरुवात मागून करा. मानेच्या वरचा भाग, मग कानांच्या मागे, मग टाळू. कपाळाजवळचे केस शेवटी, अगदी कडेची पट्टी सोडून (तिचं पुढे सांगितलंय), तेही शॉवरचं तोंड मागच्या दिशेला वळवून. शाम्पू लावतानाही हाच क्रम ठेवा. धुऊन काढताना मात्र क्रम उलटा करायचा: आधी पुढचा फेस मागे ढकला आणि मग मागून सगळा एकदम खाली काढा. पुढचा फेस शेवटपर्यंत राहिला तर तो वाट बघत बसत नाही, हळूहळू भुवईवर उतरतो.

हॅन्ड शॉवर नसेल तर पाणी ओतायचा मग वापरा, चोच असलेला असेल तर उत्तम. चोचीमुळे धार एका जागी पडते. कडेने ओतावं लागतं अशा रुंद तोंडाच्या भांड्याने स्वतःचं डोकं स्वतः धुणं अवघड जातं, कारण धार किती रुंद पडतेय ते दिसत नाही.

छताला किंवा भिंतीला बसवलेल्या शॉवरखाली जमतं का?

चेहरा पूर्ण कोरडा राहायलाच हवा असेल तर नाही. पाठ शॉवरकडे करून डोकं मागे टाकलं तर डोळ्यांत पाणी जाणार नाही, पण शिंतोडे उडतातच. थोडे शिंतोडे चालणार असतील तर ठीक. टाके किंवा डोळ्याचं ऑपरेशन असेल तर हा प्रयोग करू नये.

कपाळाजवळची पट्टी धुवायची कशी? तिथेच तर सगळी पंचाईत होते.

कपाळाच्या कडेचे दोन बोटं रुंद केस हा या सगळ्या कामातला खरा अवघड भाग, आणि माझं ठाम मत आहे की ते पाणी ओतून धुऊच नयेत. ते पुसून स्वच्छ करावेत.

दोन लहान सुती फडके घ्या. एका वाटीत कोमट पाणी आणि त्यात शाम्पूचे तीन-चार थेंब. दुसऱ्या वाटीत नुसतं कोमट पाणी. पहिला फडका शाम्पूच्या पाण्यात बुडवून इतका पिळा की मुठीत दाबला तरी थेंब पडणार नाही. तो बोटाभोवती गुंडाळून कपाळाच्या कडेपासून मागे, नेहमी मागेच, केसांच्या मुळांतून ओढा. एकदा पुढे आणि एकदा मागे असं घासू नका, पुढे येणारी प्रत्येक ओढ मळ आणि ओल कपाळावर आणते. कानशिलापासून कानशिलापर्यंत असं करून झालं की साध्या पाण्यातला पिळलेला दुसरा फडका घेऊन तीनदा पुसा, प्रत्येक वेळी फडका धुऊन. शेवटी केसांची मुळं बोटांनी चाचपून बघा. बुळबुळीत लागली तर अजून एकदा पुसायचं.

या पट्टीवर थेंबभरसुद्धा पाणी ओतावं लागत नाही. बाकीचं डोकं पाण्याने धुवायचं आणि एवढा भाग फडक्याने पुसायचा, एवढं केलं तरी अनेकांची अडचण सुटते.

कपाळाला कापड किंवा टॉवेल बांधला तर?

बांधा, पण तो फार वेळ टिकेल असं समजू नका. सुती कापड पाणी शोषतं, आणि पुरतं भिजलं की तेच पाणी खालच्या कडेने चेहऱ्यावर सोडायला लागतं. लहान टॉवेलची घट्ट गुंडाळी करून केसांच्या कडेला बांधावी, आणि शेजारी दुसरी कोरडी गुंडाळी तयार ठेवावी. भिजवून झालं की पहिली काढून दुसरी लावायची, फेस काढायच्या आधी. कापडाखाली प्लास्टिकची पट्टी घालून ती चेहऱ्याच्या बाजूला थोडी बाहेर काढली तर आणखी बरं.

पेट्रोलियम जेलीने पाणी अडतं का?

अडतं म्हणण्यापेक्षा वळतं. भुवयांच्या वर, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत जेलीचा जाडसर पट्टा ओढला तर साधं पाणी त्याला धरत नाही आणि बाजूने निघून जातं. फेसाचं पाणी मात्र थोड्या वेळात तो पट्टा ओलांडतं. त्यामुळे जेली जोडीला ठेवा, एकट्या तिच्यावर विसंबू नका.

दोन ठिकाणी जेली अजिबात लावू नये. जखम टाक्यांऐवजी वैद्यकीय गोंदाने चिकटवली असेल तर पेट्रोलियममुळे तो गोंद सैल होतो. कृत्रिम पापण्या लावल्या असतील तर त्यांचा गोंदही तेलकट पदार्थांनी सुटतो.

लहान मुलांसाठी मिळणारी गोल झालरीची टोपी आणि पोहण्याचा गॉगल, यांचा उपयोग होतो का?

टोपीचा होतो, नीट बसली तर. आतली कड मऊ सिलिकॉनची हवी आणि घेर जुळवता यायला हवा. कानांच्या मागे फट राहतेच, तिथे बोट घालून बघा. टोपीच्या कडेखालचे केस न धुतलेले राहतात, ते वर सांगितल्याप्रमाणे फडक्याने पुसावेत. टोपी काढताना तिच्या झालरीत साठलेलं पाणी आधी मागे ओतायचं. सरळ वर उचलली की ते सगळं तोंडावर येतं.

गॉगल डोळे वाचवतो, चेहरा नाही. फेसाला घाबरणाऱ्या मुलासाठी छान. पण तो डोळ्यांभोवती दाब देतो, त्यामुळे डोळ्याच्या ऑपरेशननंतर स्वतःच्या मनाने लावू नये. काचबिंदू असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालंय. केस कधी आणि कसे धुवायचे?

कधी, हे तुमचे सर्जनच सांगतील, आणि त्यांनी सांगितलेले दिवस कमी करू नका. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे डोळ्यात पाणी आणि साबण जाऊ द्यायचा नाही, अशी सूचना नेहमीची आहे. नळाचं पाणी पिण्यासाठी चांगलं असलं तरी ते निर्जंतुक नसतं, आणि डोळ्यावरची बारीक चीर भरून यायला वेळ लागतो.

मोतीबिंदूनंतर मागे टेकून, दुसऱ्या कुणीतरी केस धुणं ही सगळ्यात सुरक्षित रीत. डोळ्यावर दिलेलं संरक्षक कवच धुताना लावून ठेवायचं का, तेही विचारून घ्या. पडद्याच्या ऑपरेशनचं प्रकरण वेगळं आहे. त्यात कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात आणि डोकं ठरावीक स्थितीत ठेवायला सांगतात. अशा रुग्णांना उताणं झोपायला मनाई असू शकते, म्हणजे मागे डोकं टाकून धुण्याची रीतच बाद होते. इथे अंदाजाने काही करू नका. तोवर ओल्या फडक्याने पुसणं किंवा न धुता वापरायचा शाम्पू, एवढ्यावर भागवा.

चेहऱ्याच्या अर्धांगवायूत एक डोळा मिटत नाही, त्यांनाही हे सगळं लागू पडतं. आपली पापणी क्षणात मिटते म्हणून शाम्पूचं एवढं भय वाटत नाही. ज्याची पापणी मिटतच नाही त्याच्या बुबुळाला फेस थेट लागतो.

चेहऱ्यावर टाके आहेत. किती दिवस जपायचं?

साध्या टाक्यांना पहिले २४ ते ४८ तास पाणी लागू न देणं ही सर्वसाधारण सूचना असते. त्यानंतर हलकं पाणी लागलं तर चालतं, भिजत ठेवणं चालत नाही. गोंदाने चिकटवलेली जखम किंवा कागदी पट्ट्या असतील तर त्या आपोआप सुटेपर्यंत जपावं लागतं. तुमच्या जखमेबद्दल डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका. चुकून पाणी लागलंच तर चोळू नका, स्वच्छ कोरड्या कापडाने टिपून घ्या.

कृत्रिम पापण्या, भुवयांचं रंगकाम, झालेला मेकअप?

पापण्या लावल्यावर बहुतेक ब्युटिशियन २४ ते ४८ तास पाणी आणि वाफ टाळायला सांगतात. वाफ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण बंद बाथरूममध्ये गरम पाण्याने केस धुतले तर एक थेंब न उडताही पापण्या ओलसर होतात. पाणी कोमट घ्या आणि दार-खिडकी उघडी ठेवा. भुवयांत सुईने रंग भरला असेल तर आठवडा ते दहा दिवस जपावं लागतं, कारण ती खरी जखमच असते. मेकअपसाठी मात्र सोपा उपाय आहे: केस आधी धुवा.

मूल डोक्यावर पाणी घेताच किंचाळतं. लाड समजायचे का?

लाड नव्हेत. चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ, डोळे आणि नाकाच्या आसपास गार पाणी पडलं की श्वास आपोआप रोखला जातो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारताना प्राणवायू वाचावा म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे, आणि चेहऱ्यातल्या संवेदना वाहणाऱ्या नसेवाटे ती चालू होते. मोठ्या माणसाला पाणी कधी येणार ते दिसत असतं. मुलाला मात्र अचानक श्वास अडकल्यासारखं होतं आणि ते घाबरतं. स्पर्शाबद्दल जास्त संवेदनशील असलेल्या मुलांना, स्वमग्न मुलांपैकी अनेकांना, हे फारच असह्य होतं. धरून बांधून पाणी ओतलं तर भीती पक्की होते.

पाणी कोमट घ्या. मुलाच्या हातात कोरड्या फडक्याची घडी द्या आणि ती त्यालाच डोळ्यांवर धरू द्या. ती घडी फारसं पाणी अडवत नाही, पण ताबा त्याच्या हातात राहतो आणि बहुतेक मुलं तेवढ्यानेच शांत होतात. छतावर बघायला काहीतरी लावा, चांदणी, चित्र, काहीही. ‘मान वर कर’ म्हटलं की मूल दोन सेकंद करतं. चांदणी दाखवली की मान आपोआप वर राहते. ओतायच्या आधी प्रत्येक वेळी सांगा, ‘एक, दोन, तीन, आता येतंय’, आणि तीन म्हणायच्या आधी कधीही ओतू नका. एकदा फसवलं की पुढचे अनेक दिवस ते मूल तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. मानेखाली तुमचा हात असू द्या. मागून थोडं थोडं पाणी घ्या, आणि रडू आलं तर तिथेच थांबा. अर्धं धुतलेलं डोकं पुसून उद्या पूर्ण केलं तरी काही बिघडत नाही.

अगदी तान्ह्या बाळाचं काय?

बाळाला टॉवेलात गुंडाळूनच आधी डोकं धुवा, अंग नंतर. एका हाताच्या तळव्यात डोकं, त्याच हाताच्या पुढच्या भागावर पाठ. पाणी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे कोपराला ना गरम ना गार लागेल असं. भांड्याने ओतायची गरज नाही, ओंजळीतल्या पाण्याने भागतं. लगेच टिपून डोकं झाका, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे जाते.

डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू वापरला तर एवढी काळजी कशाला?

असे शाम्पू सौम्य फेसकारकांपासून बनवतात, त्यांचा सामूही (पीएच) अश्रूंच्या जवळ, म्हणजे ७ च्या आसपास ठेवतात. त्यामुळे झोंबत नाहीत. पण झोंबत नाही म्हणजे डोळ्यात गेलं तरी चालतं, असा अर्थ होत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणीच चालत नाही, तिथे शाम्पू सौम्य आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. मुलांसाठी मात्र तो जरूर घ्या.

शाम्पू कुठलाही असो, तो थेट डोक्यावर ओतू नका. चमचाभर शाम्पू अर्धा वाटी पाण्यात मिसळून बारीक तोंडाच्या बाटलीत भरा आणि केसांत भांग पाडत मुळांशी सोडा. फेस कमी होतो, पसरतो लवकर, आणि धुऊन काढायला पाणी बरंच कमी लागतं. कंडिशनर फक्त टोकांना.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे केस कसे धुवायचे?

दोन माणसं असतील तर उत्तम, एकट्यानेही जमतं. रुग्णाला पलंगाच्या कडेला आडवं सरकवा, खांदे कडेशी येतील असं, आणि खांद्यांखाली उशी द्या म्हणजे डोकं किंचित खाली झुकेल. डोक्याखाली मोठी प्लास्टिकची शीट घाला. मोठ्या टॉवेलची गुंडाळी घोड्याच्या नालेच्या आकारात शीटखाली ठेवा, त्यामुळे शीटच्या तीन बाजू उचलल्या जातात आणि चौथी बाजू पलंगाखालच्या बादलीत पन्हळीसारखी सुटते. मानेच्या खळग्यात गुंडाळी नीट भरली आहे ना ते बघा. तिथे पोकळी राहिली तर सगळं पाणी पाठीखाली जातं आणि अंथरूण बदलावं लागतं.

कपाळावर कोरडी गुंडाळी, डोळ्यांवर कोरडी घडी. एका वेळी कपभर पाणी. धार नेहमी कपाळाच्या बाजूने मागे जाईल अशी धरा आणि दुसऱ्या हाताने केस मागे ओढत राहा. मधे मधे रुग्णाशी बोलत राहा. डोळे झाकलेल्या माणसाला पाणी कुठे पडणार आहे ते कळत नाही, नुसता आवाज येतो. ‘आता कानामागे घेतोय’ एवढं सांगितलं तरी त्याचं अंग सैल पडतं, आणि मान सैल असली की धुणंही सोपं जातं.

दम लागणाऱ्या किंवा सपाट झोपू न शकणाऱ्या रुग्णाला असं झोपवू नका. त्यांच्यासाठी पाण्याशिवायचा मार्ग आहे, तो पुढे दिलाय.

सलूनसारख्या बेसिनवर मान मागे टाकली तर धोका असतो का?

क्वचित असतो, पण तो गंभीर असू शकतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मायकेल वाइनट्रॉब या मज्जातंतुतज्ज्ञांनी सलूनमध्ये केस धुतल्यानंतर मेंदूच्या रक्तप्रवाहात अडथळा आलेल्या पाच स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. मान कठीण कडेवर फार मागे वळली की मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांवर ताण येतो किंवा त्यांच्या आतल्या थराला इजा होते.

म्हणून मानेखाली जाड गुंडाळलेला टॉवेल हवाच. मान लोंबकळत ठेवू नका, सगळं शरीर मागे झुकवा. आरामखुर्चीत मागे रेलल्यावर कंबरेपासून डोक्यापर्यंत एकच सरळ रेषा राहते, तसं. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे दुहेरी दिसणं, हातापायाला मुंग्या, यातलं काहीही जाणवलं तर लगेच मान सरळ करा. मानेच्या मणक्यांचा त्रास, पूर्वी पक्षाघात, किंवा डोकं मागे नेलं की गरगरायला लागतं अशांनी ही रीत टाळावी. डोकं हलवल्यावर येणारी चक्कर अनेकदा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे असते, आणि डोकं मागे टाकणं हे तिचं नेमकं निमित्त ठरतं.

कानात पाणी जातं, त्याचं काय?

डोकं मागे टाकलं की कान खाली येतात, त्यामुळे चेहरा वाचतो आणि कान भिजतात. कापसाच्या बोळ्याला पेट्रोलियम जेली चोळून तो कानाच्या तोंडाशी लावा, आत कोंबू नका. नुसता कापूस पाणी शोषून आत पोहोचवतो. पडद्याला छिद्र असेल किंवा कानात नळी बसवली असेल तर हे विसरू नका.

गळ्याला श्वासासाठी छिद्र पाडलेलं आहे.

इथे चेहऱ्यापेक्षा गळा जपायचा असतो. त्या छिद्रातून पाणी थेट श्वासनलिकेत जातं. त्यासाठी खास संरक्षक कवच मिळतं. पहिल्यांदा केस नर्सच्या देखरेखीखालीच धुवा.

पाण्याशिवाय केस स्वच्छ होतात का?

ड्राय शाम्पू म्हणजे मुख्यतः पिष्ठमय भुकटी. ती तेल शोषते, केस मोकळे दिसतात, पण मळ आणि घाम डोक्यातच राहतो. एखाद-दोन दिवस ढकलायला ठीक. फवारणी करताना चेहरा झाका आणि श्वासात भुकटी जाऊ देऊ नका.

न धुता वापरायचा द्रव शाम्पू वेगळा. तो लावायचा, चोळायचा, मळ सुटला की टॉवेलने पुसून काढायचा. रुग्णालयांत याच शाम्पूने भिजवलेल्या टोप्या मिळतात, त्या कोमट करून डोक्यावर चढवतात आणि वरून चोळतात. २०१३ मध्ये अंतराळवीर कॅरेन नायबर्ग यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आपले लांब केस अशाच शाम्पूने कसे धुतात ते व्हिडिओत दाखवलं होतं. पिशवीतलं थोडं कोमट पाणी मुळांशी सोडून बोटांनी टोकांकडे न्यायचं, मग शाम्पू, मग टॉवेल, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा टॉवेल. तिथे पाणी खाली वाहतच नाही, केसांना चिकटून राहतं, त्यामुळे मळ टॉवेलनेच ओढून काढावा लागतो. पलंगावरच्या रुग्णासाठी नेमकी हीच रीत कामाला येते. टॉवेल मात्र दोन-तीन घ्या, मळलेल्याने पुन्हा पुसू नका.

चेहरा भिजला तर चालतो, पण कपाळावर बारीक पुरळ येतं. त्याचा केस धुण्याशी संबंध आहे का?

असू शकतो. कंडिशनर आणि केसांच्या क्रीममधले तेलकट घटक कपाळावर, कानशिलावर आणि मानेवर राहिले की रोमछिद्रं बुजतात. डोकं मागे टाकून धुवा, किंवा केस धुऊन झाल्यावर चेहरा शेवटी वेगळा धुवा. काही आठवड्यांत फरक दिसला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

धुताना सगळं नीट होतं आणि उठताना चेहरा भिजतो. काय चुकतं?

घाई होते. पाणी बंद झालं की काम संपलं असं वाटतं, पण तेव्हा केसांत भरपूर पाणी अडकलेलं असतं. डोकं उचललं की उतार पुन्हा बदलतो आणि ते सगळं पुढे येतं.

पाणी बंद केल्यावर डोकं आहे त्याच स्थितीत ठेवा. दोन्ही हातांनी केस कपाळापासून मागे दाबत न्या, मग मागे गोळा करून पिळा. थेंब थांबले की कपाळाची कड कोरड्या फडक्याने टिपा, कानांमागेही टिपा, कारण तिथे साठलेलं पाणी मान सरळ होताच गालावर येतं. मग टॉवेल कपाळाच्या कडेला घट्ट बसवून मागे गुंडाळा. आणि आता डोकं उचला. ज्याचे केस धुतोय त्याला आधीच सांगून ठेवा, ‘मी म्हणेपर्यंत उठायचं नाही.’ नंतर टॉवेल सोडतानाही केस पुढे झटकू नका.

जपूनही फेस डोळ्यात गेलाच तर?

निरोगी डोळा असेल तर चोळू नका, स्वच्छ साध्या पाण्याने उघडझाप करत काही मिनिटं धुवा. आधी कॉन्टॅक्ट लेन्स काढा. खरं तर केस धुताना लेन्स घालूच नये, कारण नळाच्या पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे बुबुळाला बरा व्हायला अवघड असा संसर्ग होऊ शकतो.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यात गेलं तर नळाच्या पाण्याने धुवायला धावू नका. डोळ्यावर दाब न देता बाहेरची ओल स्वच्छ गॉझने टिपा आणि लगेच डॉक्टरांना फोन करून विचारा. लाली वाढली, दुखायला लागलं किंवा अंधुक दिसायला लागलं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.